नगर ते शेवगाव, मधूच्या गाडीवरून

नगरहून शेवगावला एस.टी. जाते. सकाळी बसावं, जेवणाच्या वेळेला उतरावं, एवढी सोपी वाट. आम्हा मायलेकांना त्याच वाटेला दोन दिवस लागले. शाळेत परत रुजू झालो तर जो तो विचारू लागला, "काय मास्तर, काशीला गेला होतात की काय?" म्हटलं, नाही बाबांनो, शेवगावला. ते हसले. हसू देत. काशी-रामेश्वराची वर्णनं लिहायला लोक पुष्कळ आहेत. करंजी घाटाबद्दलही कोणीतरी लिहायला हवं की नको?

आधी गाडीची ओळख करून देतो. माझा धाकटा भाऊ मधू लष्कराच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. नगरात लष्कराचा मोडीत निघालेला माल लिलावाला येतो, आणि आमच्याकडे निम्म्या घरांतून लष्करी बादल्या नि लष्करी घोंगड्या सापडतात. मधूने बादल्या आणल्या नाहीत. त्याने एका विलायती मोटरसायकलचा सांगाडा आणला, मग दुसऱ्याच कुठल्या गाडीचं इंजिन, जीपचा दिवा, ट्रकचा भोंगा. पेट्रोलची टाकी बाजारातल्या पत्रेवाल्याकडून ठोकून घेतली. डाव्या अंगाला सायडकार जोडली, ती कसल्याशा पेटीच्या पत्र्याची. ती खास आईसाठी. आईचे गुडघे गेलेले, एस.टी.ची पायरी तिला चढवत नाही. दोघांनी मिळून पोत्यासारखं वर ढकलावं लागतं आणि त्याची तिला फार लाज वाटते. "तुला राणीसारखी बसवून नेतो," असं मधू म्हणायचा. सगळी गाडी त्याने काळ्या रंगाने रंगवली, अगदी चाकांच्या तारांसकट. रंग वाळला आणि मधूला कावीळ झाली. त्यातून तो उठला नाही. याला आता दोन वर्षं होतील.

उरलेलं काम, म्हणजे विजेच्या तारा जोडणं, मी केलं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. नववीच्या पोरांना विद्युत शिकवणाऱ्याला चार तारा जोडता यायलाच हव्यात, असा माझा समज. आणि जमलंही. आमचं घर सावेडीला, म्हणजे अजून रानातच म्हणायचं. तिथून शाळेपर्यंतच्या सपाट रस्त्यावर गाडी कित्येक महिने बिनबोभाट पळाली.

आई तिला 'अवदसा' म्हणायची. मधू होता तेव्हाही म्हणायची. "आणलंस का आणखी भंगार?" हे तिचं रोजचं वाक्य. यंदा माघात तिने धोशा लावला की गोदूला भेटायचं. गोदू म्हणजे माझी शेवगावची मावशी. मी म्हटलं, गाडीवर नेतो. तर आई शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत म्हणाली, "ने. पण वाटेत बंद पडली ना, तर तिथेच कुणाच्या तरी गळ्यात मारून ये. तू घरी येईस्तोवर रोज माझा जीव टांगणीला लागलेला असतो."

मलाही ताव आला. म्हटलं, "ठरलं! बंद पडली तर विकली." माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे.

चांदबिबीचा चढ

सकाळी निघालो तेव्हा चांगलीच थंडी होती. आईला उचलून सायडकारमध्ये बसवलं, पायांवर घोंगडी टाकली. किक मारणार तोच ती म्हणाली, "दत्तू, माझा पाण्याचा तांब्या आत राहिला." मी आत गेलो, तांब्या शोधला, तो देवघरात सापडला. आणून दिला. "आता चल, काही राहिलं नाही," म्हणाली.

भिंगार मागे पडलं आणि समोर डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसू लागला. महाल कसला, सलाबतखानाचं थडगं ते. पण नगरकराला हे सांगायला गेलात तर तो भांडायला उठतो. चढ सुरू झाला आणि गाडी खोकली. पुन्हा खोकली. मग धक्के देऊ लागली. मी गिअर उतरवला, पेट्रोल वाढवलं. जितकं पेट्रोल द्यावं तितकी जास्त अडखळायची. अर्ध्या चढावर जाऊन उभी राहिली ती राहिलीच.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या बाजूला मॅग्नेटो म्हणून यंत्र असतं, ते वीज तयार करतं. तिथून एक जाड तार निघून प्लगच्या डोक्याला येते, आणि प्लगच्या खालच्या टोकाला, इंजिनाच्या पोटात, ठिणगी पडते. प्लगची मान तेवढी पांढऱ्या चिनीमातीची, कारण चिनीमातीतून वीज जात नाही. आमच्या गाडीत हा प्लग डाव्या बाजूला, सायडकारकडे आहे. बस, याहून जास्त समजायची गरज नाही.

मी प्लग काढला, खिशातल्या रुमालाने खसाखसा पुसला, तार लावून इंजिनाला टेकवून धरला आणि किक मारली. निळीशार ठिणगी! मग दोष कुठे? मॅग्नेटो उघडला, त्यातले पॉइंट पॉलिश पेपरने घासले, पुन्हा सगळं जोडलं. रुमालाचं पार पोतेरं झालं होतं.

तोवर भोवती माणसं जमली. पाऊस दगा देऊन गेला आहे, त्यामुळे रस्त्याकडेला जिकडे तिकडे दुष्काळी कामं चालू आहेत. खडी फोडणाऱ्या बायका हातोड्या टाकून आल्या. सगळ्या चांगल्या घरच्या, जमीनजुमला असलेल्या. पण रान पडीक म्हटल्यावर काय करतील? त्यांतली एक कपाळावरचा घाम पुसत आईला म्हणाली, "आज्जी, तुमचं इमान उडंना व्हय?"

आई म्हणाली, "विमान चांगलं आहे गं. पायलट कच्चा आहे."

बायका खो खो हसल्या. मग त्यांनीच पाठीमागून रेटा दिला, गाडी सुरू झाली आणि उरलेला चढ झोकात चढून गेली. मी मनाशी म्हटलं, पॉइंट घासले, दोष गेला. शास्त्रीय पद्धतीने शोधलं की दोष सापडतोच.

वर गेल्यावर मला आमची पैज आठवली. मीच म्हटलं, "आई, बंद पडली की गं."

ती दुसरीकडे बघत म्हणाली, "चढ होता. चढाला माणूसही धापा टाकतं. हे धरायचं नाही."

मी चकितच झालो. आमच्या आईने कुणाला इतक्या स्वस्तात सोडल्याचं मला आठवत नाही.

करंजी

तापलेलं इंजिन निवू द्यावं म्हणून घाट उतरून करंजीलाच मुक्काम केला. तिथे किसनराव म्हणून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील राहतात. शहरात आपण पाहुण्याला विचारतो, "जेवणार का?" आणि तो "नको नको" म्हणेल याची वाट बघतो. इथे विचारण्याची पद्धतच नाही. किसनरावांच्या मालकिणीने आम्ही ओट्यावर टेकायच्या आत हुलग्याचे शेंगोळे रटरटत ठेवले होते. पिठाची बोटाएवढी वेटोळी लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेली, वर तेलाची धार. सोबत रेशनच्या तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी. त्या मिलोला आमच्या सावेडीत लोक नाकं मुरडतात. पण शेंगोळ्यांबरोबर मी तीन भाकऱ्या केव्हा खाल्ल्या ते कळलं नाही.

हात धुवायला मात्र पाणी ओतलं ते बोटं भिजतील न भिजतील एवढंच. विहीर आटलेली, टँकर येईल तेव्हा खरा. ते बघून आईने स्वतःचा तांब्या पुढे केला, तर किसनराव दुखावले. "आई, पावण्याच्या तांब्यातलं पानी घ्यायची येळ अजून न्हाई आली आमच्यावर." आईने तांब्या मागे घेतला. घरी परतल्यावरही नळ सोडताना मला ते वाक्य ऐकू येतं.

गाडीची हकिगत ऐकून किसनराव म्हणाले, "मास्तर, दिष्ट लागली गाडीला. येवढी देखनी गाडी हाय, लोक बघत्यात. एक लिंबू बांदा की."

"किसनराव," मी म्हटलं, "विज्ञानाच्या मास्तराला लिंबू बांधायला सांगता? उद्या पोरांना काय तोंड दाखवू? दृष्टीबिष्टीने मॅग्नेटो बंद पडत नसतो." आणि मी त्यांना विद्युतप्रवाह म्हणजे काय यावर भलंमोठं व्याख्यान दिलं. किसनराव भला माणूस, त्यांनी ऐकून घेतलं. आई खाली मान घालून शेंगोळे खात होती. ती कोणाच्या बाजूची हे मला कळलं नाही.

मढी

दुसऱ्या दिवशी निघताना, आईला सायडकारमध्ये बसवल्यावर, तिची जपाची माळ आत राहिली. आणली. मग तिसगाव ओलांडून आईच्या आग्रहाखातर मढीला वळलो. कानिफनाथांचं ठाणं टेकडीवर आहे, तेव्हा पुन्हा चढ आलाच. आणि पुन्हा तेच. खोकला, धक्के, मुक्काम.

यावेळी मात्र माझं डोकं फिरलं. भर उन्हात मी मॅग्नेटोची तार बदलली. प्लग काढून पुसला, मग वाटलं, पुसायचा तरी कशाला, खड्ड्यात गेला. आणि सामानातला कोरा प्लग बसवला. त्याची मान नव्या कपबशीसारखी पांढरी होती. गाडी लगेच सुरू झाली. सुरू झाली म्हणून आनंद व्हावा, तर मला त्याचाच राग आला. दोष सापडून गेला तर माणूस समजू शकतो. हा न सापडता जात होता आणि न सांगता येत होता.

बाजूला एक म्हातारबुवा पटका सोडून वारा घेत बसले होते. ते म्हणाले, "पावनं, रंगपंचमीला या हितं. गाढवांचा बाजार भरतो. ही द्या इकून नि एक चांगलं गाढव घ्या. चढाला खोकत न्हाई गाढव."

"बुवा, ते लाथ मारतं," मी म्हटलं.

"मंग ह्ये काय करतंय? तुमीच तर मारताय मगापास्नं लाथा."

दर्शन घेतलं. गुडघ्यांमुळे आईने पायरीशीच हात जोडले. खाली येताना मी म्हटलं, "आई, आता तर दोनदा झालं."

"देवाच्या दारात थांबली," आई म्हणाली. "नमस्काराला थांबली. ते मोजायचं नाही."

मी गाडी बाजूला घेतली आणि जरा चढ्या आवाजात विचारलं, "तुला ही गाडी विकायला हवी आहे की नको, एकदा सांगून टाक."

"मला काय करायचंय?" ती म्हणाली. "अवदसा मेली." आणि घोंगडी नाकापर्यंत ओढून घेतली.

शेवगाव

अमरापूरवरून शेवगावात शिरलो तेव्हा बाजाराचा दिवस होता, पण बाजारात माल कमी आणि माणसं जास्त. जनावरं विकत घ्यायला कोणी नाही, म्हणून लोक त्यांना चाऱ्याच्या छावणीकडे हाकत होते. आमची गाडी पाहून मात्र सगळा बाजार वळला. गोदूमावशीच्या दारापर्यंत मागे वरातच निघाली होती. दोघी बहिणी गळ्यात पडल्या, रडल्या, आणि दुसऱ्याच मिनिटाला लोणच्यात मेथी किती घालायची यावरून त्यांचं वाजलं. मी अंगणात, ओट्याला लागून गाडी लावली.

रात्री जेवताना आमच्या पैजेची गोष्ट निघाली, आणि मावशीच्या मुलाने लगेच गाडीला गिऱ्हाईक हेरलं. भगवानराव, बियाण्याचे दुकानदार, शिवाय गावाबाहेर मळा. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. मी आत कपडे करून येईतो आई ओट्याच्या कडेला, गाडीपाशी, उन्हाला बसली होती. भगवानराव सायडकारमध्ये बसले, त्यांचा दिवाणजी माझ्यामागे, आणि आम्ही नदीच्या कोरड्या पात्रात उतरलो. उतरलो ठीक, चढताना कोऱ्या प्लगसकट, कोऱ्या तारेसकट गाडी पुन्हा खोकू लागली. मला अंगावर पाल पडावी तसं झालं. प्लग काढला, पुसला, लावला, कशीबशी वर आणली.

भगवानराव शांत. "आसूं द्या मास्तर. मला कुटं रस्त्यानं चालवायची हाय? इंजान काडतो नि हिरीवर बशिवतो. सायडकार बियान्याच्या पोत्यांला व्हईल. बाकीचं जाईल भंगारात. तुमाला नि आईस्नी माजा ट्रक नगरला सोडंल. बोला."

मी मधूच्या हातच्या त्या काळ्या रंगाकडे बघितलं. चाकाच्या एकेका तारेला त्याने ब्रश लावला होता, आणि मी हसायचो त्याला. पण तीनदा झालं होतं. दोष मला सापडत नव्हता, आणि आईला असल्या गाडीत बसवून करंजीचा घाट चढायचा म्हणजे जिवाशी खेळ. शब्द मीच दिला होता. "दिली," मी म्हटलं. "उद्या सकाळी घेऊन जा."

घरी येऊन आईला सांगितलं, इंजिन काढणार आहेत, तेही सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली, आणि निवडायला घेतलेले तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडू लागली.

संध्याकाळी मावशीने नवीनच तक्रार आणली. "दत्तू, तुझ्या आईला विचार. माझ्या नातीची काजळाची डबी हिने लांबवली. या वयात काजळ!"

"माझी संपली," आई म्हणाली. "डोळे चुरचुरतात गं."

वडील गेल्यापासून आईच्या डोळ्यांत काजळ मी कधी पाहिलं नव्हतं. पण चुरचुरत असतील, म्हातारपण आहे, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला. माझं लक्षच नव्हतं कशात.

चौथी सकाळ

सकाळी भगवानराव यायच्या आधी मधूची गाडी एकदा पुसून द्यावी म्हणून मी फडकं घेऊन बाहेर निघालो, आणि दारातच थबकलो.

आई ओट्याच्या कडेला बसली होती. हातात काजळाची डबी. तिने बोट बुडवलं, वाकली, आणि प्लगच्या पांढऱ्या मानेवर हळूच टेकवलं. तान्ह्या मुलाच्या गालाला तीट लावतात, तस्सं. मग दोन्ही हातांची बोटं स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा मोडली.

"मध्या," ती गाडीला म्हणत होती, "परक्याच्या घरी चाललास. तिथे रुसायचं नाही. खोकायचं नाही. इंजिन काढतील म्हणे तुझं. घाबरू नकोस हं."

तांब्या, जपाची माळ, उन्हाला बसणं, सगळ्याचा उलगडा झाला. मला आत पिटाळायचं आणि सायडकारमधूनच हात लांबवून तीट लावायची. आणि जागा तरी दुसरी कुठली? काळ्याभोर गाडीवर काळी तीट दिसणार कुठे? साऱ्या गाडीत पांढरी म्हणून एवढीच जागा होती.

काजळ म्हणजे दिव्याची काजळी, तुपात खललेली. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज जाते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून देतो. इंजिन तापलं की तूप ओघळायचं, चिनीमातीवर डोक्यापासून बुडापर्यंत काळी वाट पडायची, आणि ठिणगीची वीज पोटात जायच्या ऐवजी त्या वाटेने बाहेरच्या बाहेर पसार व्हायची. सपाटीला निभावून जायचं. चढाला इंजिनावर जोर आला की नाही. मी पॉइंट घासत होतो, तारा बदलत होतो, आणि गाडी सुरू होत होती ती माझ्या रुमालामुळे. जी बाई तोंडाने अवदसा म्हणत होती ती रोज सकाळी गाडीची दृष्ट काढत होती, बंद पडू नये म्हणून, विकली जाऊ नये म्हणून. आणि त्यानेच ती बंद पडत होती.

मला आधी हसू आलं. मग एकदम रडू आलं, आणि ते आवरायला मी आत जाऊन उगाच चूळ भरून आलो.

खाकरत बाहेर आलो तेव्हा डबी पदराआड गेली होती. "प्लग आवळायचा राहिलाय," मी म्हटलं, आणि प्लगची मान रुमालाने स्वच्छ पुसली. आई बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

भगवानराव आले, दोन गडी आणि ट्रक घेऊनच. मी म्हटलं, "भगवानराव, माफ करा. गाडी द्यायची नाही."

त्यांचा चेहरा उतरला, मग तांबडा झाला. "मास्तर, काल शबुद दिला हुता तुमी. आमच्याकडं शबुद म्हंजी शबुद. मी गडी घिऊन आलोय."

"चूक माझी आहे. पण गाडी माझी नाही, माझ्या भावाची आहे. मला विकायचा अधिकार नव्हता."

"मंग भावाला इचारू. कुटं हाय भाऊ?"

आई ओट्यावरून म्हणाली, "हा काय, उभा आहे तुमच्यापुढे." आणि तिने टाकीवर हात ठेवला.

भगवानरावांनी आईकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. डोक्यावरची टोपी काढून उगाच झटकली, पुन्हा घातली. मग ते गड्यांना म्हणाले, "जावा रं, ट्रक मागं घ्या." आणि मावशीच्या ओट्यावर बसकण मारून म्हणाले, "च्या तरी पाजा आता." चहा झाला. जाताना त्यांनी आईच्या पायांना हात लावला आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता गेले. त्यांचा राग रास्त होता.

परतीचा घाट

निघताना आईला सायडकारमध्ये बसवलं. ती म्हणाली, "दत्तू, माझा चष्मा आत राहिला."

"राहू दे. आधी ती डबी काढ."

आईचा चेहरा कॉपी करताना सापडलेल्या पोरीसारखा झाला. गुपचूप तिने डबी काढली. मी म्हटलं, "तिथे खाली कोणाला दिसते तीट? दृष्ट समोरून लागते. दिव्याच्या काचेवर लाव."

"माझा हात नाही पोचायचा तिथे." मग माझ्याकडे रोखून बघत, "आणि तुझा विश्वास कधीपासून बसला?"

"माझा कुठे बसलाय? पण गाडी माझी नाही ना."

तिने माझं बोट धरलं, डबीत बुडवलं. मग नववीला विद्युत शिकवणाऱ्या मी, शेवगावच्या भर आळीत, जीपच्या दिव्याला तीट लावली. मावशीचे शेजारी बघत होते. बघू देत.

करंजी घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा ऊन चढलं होतं. गर्भगिरीचे डोंगर बोडके, गवताची काडी नाही. नुसता दगड आणि वर निळं आभाळ. तरी सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू? चढ लागला. मी गिअर उतरवला आणि कान टवकारले. आईने सायडकारची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, ओठ हलत होते. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. इंजिनाचा आवाज जड झाला पण एकदाही तुटला नाही. खोकण्याचं कारण मला कळलं होतं, शास्त्र मला माहीत होतं, तरी प्रत्येक वळणावर मी मनात 'चल रे बाबा, चल' म्हणत होतो. माथ्यावर पोचेपर्यंत माझा शर्ट घामाने चिंब झाला होता.

मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. आई दचकली. "काय झालं? पडली बंद?"

"नाही गं. मी थांबवली. बघ जरा, किती लांबपर्यंत दिसतंय."

ती बघत बसली. वारा सुटला होता, त्यात तिचा पदर फडफडत होता. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "दत्तू, तू सकाळी रुमालाने पुसलंस ते मी पाहिलं. त्याच्या डोळ्यांत जात होतं होय रे काजळ?"

तिला सांगायचं नाही असं मी पक्कं ठरवलं होतं. पण आईशी खोटं बोलणं मला कधी साधलेलं नाही. "थोडंसं," मी म्हटलं.

"अगं बाई," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी ती हसली. "मग पोर रडेल नाही तर काय करेल? आणि मी आपली म्हणतेय, रोज एवढी तीट लावते, तरी हा गप्प का राहत नाही!"

तिने पदराने डोळे पुसले, मग वाकून, त्याच पदराने, प्लगच्या मानेभोवतीचं सगळं पुन्हा एकदा पुसून घेतलं. "आता ठीक आहे ना रे मधू?" असं विचारलं, आणि मला म्हणाली, "मार किक."